‘प्रवाळांना खाऊ घालणे म्हणजे टाकीत कचरा ओतणे’ : असहमती

खाडीकाठ (हॅम्बुर्ग) :
गेल्या आठवड्यात ‘मीठपाणी’ यांनी घरच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांच्या या मंचावर लिहिले की, प्रवाळांचे खाद्य ही बाटल्या विकणाऱ्यांनी आपल्याला लावलेली सवय आहे. दिवे चांगले असले आणि मासे पोटभर खात असले की प्रवाळांचे भागते, आणि त्याउपर जे ओतले जाते तो निव्वळ कचरा. नव्याने टाकी उभी करणारे तीन-चार जण त्याखाली ‘बरे झाले सांगितलेत’ असे लिहून गेले. त्यांच्यापैकी कोणी उद्या सूर्यप्रवाळ घरी आणला तर तो उपाशी मरेल, या काळजीने हे लिहितो आहे.

सूर्यप्रवाळाच्या, म्हणजे ट्यूबास्ट्रियाच्या, अंगात झूझॅन्थेली, म्हणजे उजेडावर अन्न तयार करून प्रवाळाला देणारे सूक्ष्म शैवाल, नसतातच. कितीही महागडा दिवा लावा, त्याच्या पोटात काही जात नाही. माझा तुकडा दुकानातून आणला तेव्हा त्याचे मांस इतके आटले होते की दोन पॉलिपांमधला (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक तोंडवाला जीव) पांढरा सांगाडा उघडा पडला होता. पहिले नऊ दिवस त्याने तोंड उघडले नाही. रोज रात्री दिवे मालवल्यावर मी वितळलेल्या मायसिसचे (कोळंबीसारखा इवलासा जीव, गोठवून विकतात) थोडे पाणी पिपेटने त्याच्यावर सोडत असे आणि टॉर्चला लाल कागद लावून पाहत बसत असे. दहाव्या रात्री कडेचा एकच पॉलिप फुगला, त्याची पिवळी शुंडके बाहेर आली आणि त्याने मायसिसचा अर्धा तुकडा धरून आत ओढला. पुढची अडचण वेगळीच निघाली : टाकीतली क्लीनर कोळंबी येऊन त्याच्या तोंडचा घास काढून नेऊ लागली. शेवटी पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो तुकड्यावर घुमटासारखा ठेवला आणि बाटलीच्या तोंडातून खाद्य सोडू लागलो. दोन महिन्यांनी उघडा सांगाडा पुन्हा केशरी मांसाने झाकला गेला.

ज्यांच्यात शैवाल आहे त्यांचेही केवळ उजेडावर भागत नाही. शैवालाकडून साखर आणि स्निग्धांश, म्हणजे ऊर्जा, भरपूर मिळते. पण मांस घडवायला लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेरूनच यावा लागतो. १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी प्रवाळ हे खास मांसाहारी प्राणी आहेत, असा निष्कर्ष काढला होता. शैवालाचा प्रवाळाच्या पोषणाला उपयोग नाही, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही, परंतु प्रवाळ शिकार करतो हे टिकले. हवाईतील मॉन्टिपोरा कॅपिटाटा हा प्रवाळ विरंजनानंतर, म्हणजे शैवाल गमावून पांढरा पडल्यावर, प्लवक अधिक पकडून आपली ऊर्जेची गरज भागवतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ज्याला उजेड पुरतो असे आपण मानतो, तोच प्रवाळ संकटात तोंडाने जगतो.

मीठपाणी (सिडनी) :
सूर्यप्रवाळ पुढे करून मला खोटे ठरवणे न्याय्य नाही. माझे लिखाण अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या उजेडावर वाढणाऱ्या कठीण प्रवाळांच्या टाकीविषयी होते, हे त्याच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट होते. सूर्यप्रवाळाला भरवावे लागते, हे मला सांगण्याची गरज नव्हती.

प्रवाळांसाठी विकतात त्या खाद्याच्या भुकटीचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून मीच करतो. प्राणिज खाद्याच्या कोरड्या वजनात फॉस्फरस सुमारे एक टक्का धरला, तर एका ग्रॅम भुकटीत तो दहा मिलिग्रॅम होतो आणि फॉस्फेटच्या रूपात मोजला तर जवळपास तीस मिलिग्रॅम. माझी टाकी ३०० लिटरची आहे. ती भुकटी कोणीच खाल्ली नाही आणि पूर्ण कुजली, तर एका ग्रॅमने माझे फॉस्फेट ०.१ पीपीएमने वाढते. मी पाच महिने रोज रात्री दोन चिमट्या टाकल्या, कारण डब्यावर पॉलिप फुललेले चित्र होते. ०.०४ वर असलेले फॉस्फेट ०.४ च्या पुढे गेले, अ‍ॅक्रोपोरा तपकिरी झाले आणि खडकांवर केसाळ शेवाळ चढले. घाबरून मी फॉस्फेट शोषणाऱ्या फेरिक ऑक्साइडची मोठी मात्रा लावली, फॉस्फेट चार दिवसांत खाली ओढले आणि तीन वर्षे वाढवलेली वसाहत बुडापासून सोलून निघाली. ती माझ्या हाताने गेली, म्हणून मी कडक भाषेत लिहितो.

माशांच्या उत्सर्गातला अमोनियम प्रवाळ थेट शोषून घेतात. आठ माशांना पोटभर खायला घालणे हेच माझ्या प्रवाळांचे जेवण आहे.

उधाण (ठाणे) :
तुम्ही दोघे ज्या जातींविषयी भांडत आहात, त्या आम्हाला हाताळता येत नाहीत. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. माझ्या टाकीत फक्त मशरूम, झोॲन्थिड आणि एक लेदर हे कठीण सांगाडा नसलेले प्रकार आहेत. मात्र खाद्याचा प्रश्न आम्हालाही पडतो, आणि आयात केलेल्या इवल्याशा डब्याला जे पैसे मोजावे लागतात, ते मला पटत नाहीत. मी कोळणीकडून पहाटेची करंदी (लहान कोळंबी) आणि तिसऱ्या (शिंपल्या) आणते, साफ करून मिक्सरमधून काढते, पिशवीत वडीसारखे पातळ थापून गोठवते आणि आठवड्यातून दोनदा बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडून घालते. तीन वर्षांत काहीही बिघडलेले नाही. ताजे खाद्य दारात मिळत असताना परदेशी भुकटीवर वाद कशासाठी चालला आहे, ते मला समजत नाही.

क्षारमापक (न्यू जर्सी) :
उधाणताई, हे वाचून मला राहवले नाही. बाजारातली मासळी कोणत्या बर्फात ठेवली होती आणि त्यात काय मिसळले होते, हे तुम्हाला कळू शकत नाही. कच्च्या शिंपल्यातले जिवाणू गोठवल्याने मरतातच असेही नाही. शिवाय मिक्सरमधून काढले की पेशी फुटतात आणि त्यांतला सगळा रस पाण्यात उतरतो. तुमच्या वडीतला मोठा हिस्सा प्रवाळाच्या तोंडात न जाता सरळ पाण्यात जातो. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळून, आरओच्या पाण्याने धुऊनच द्यावे, हे मी दहा वर्षे सांगत आलो आहे आणि दहा वर्षे लोक वितळलेल्या लाल पाण्यासकट वाटी टाकीत उपडी करतात. निम्म्या टाक्यांचे शेवाळ त्या वाटीतून येते.

उधाण (ठाणे) :
माझ्या घरी तीच करंदी आम्ही खातो. जे माझ्या मुलांच्या ताटात चालते त्याला तुम्ही न पाहता विषारी ठरवले, याचे मला वाईट वाटले. माझ्या पाण्यातले नायट्रेट आठ पीपीएम आहे, फॉस्फेट ०.०६ आहे. तुमचे आकडे मांडा आणि मग बोला.

मीठपाणी (सिडनी) :
या एका बाबतीत क्षारमापक यांचे मला पटत नाही. अख्ख्या मायसिसमधला फॉस्फरस त्याच्या मांसात आणि कवचात असतो. धुण्याच्या पाण्याबरोबर जातो तो त्याचा लहानसा भाग. धुतले म्हणून समाधान मानणारा माणूस पुढे दुप्पट घालतो, हे मी पाहिले आहे. वाटीपेक्षा घास मोजा.

क्षारमापक (न्यू जर्सी) :
अख्ख्या मायसिसपुरते तुमचे म्हणणे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. वाटून केलेल्या तिसऱ्यांना ते लागू होत नाही, कारण तेथे रस हाच मोठा भाग आहे. माझे नायट्रेट बारा आणि फॉस्फेट ०.०९ आहे, म्हणजे ताईंचे पाणी माझ्याहून बरे आहे. त्यांच्या मुलांच्या ताटाविषयी मी काही बोललो नव्हतो, तरी माझे शब्द लागले असतील तर क्षमस्व. ताटातली करंदी शिजलेली असते, एवढाच फरक मला दाखवायचा होता.

खाडीकाठ (हॅम्बुर्ग) :
धुण्याच्या वादात घासाचा आकार मागे पडला, आणि माझ्या मते खाद्य निवडताना पहिला प्रश्न तोच आहे. नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म हिरव्या शैवालाची पेशी दोन ते चार मायक्रॉनची असते. ती हिरवी बाटली अनेक जण ‘सर्व प्रवाळांसाठी’ म्हणून ओततात, परंतु बहुतेक कठीण प्रवाळ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तिच्यावर रोटिफर आणि कोपेपॉड हे सूक्ष्म प्राणी पोसले जातात, आणि ते प्रवाळाच्या तोंडी लागतात. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाचे नुकते उबलेले पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि लहान तोंडाच्या पॉलिपांनाही धरता येते. विकतची अंडी खाऱ्या पाण्यात सोडल्यापासून सुमारे चोवीस तासांत उबतात. मात्र पिल्ले लगेच द्यावीत, कारण एका दिवसात ती पोटातला बलक संपवून बसतात. अकॅन किंवा ट्रॅकिफिलिया हा मोठ्या तोंडाचा प्रवाळ अख्खा मायसिस गिळतो. पंप वीस मिनिटे बंद ठेवावा, तोंड मिटते का ते पाहावे, आणि जे वीस मिनिटांत उचलले गेले नाही ते पिपेटने परत ओढून घ्यावे.

मीठपाणी यांचा हिशेब मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. ०.१ चा आकडा मला ठाऊक असता, तर पहिल्या वर्षी मीही तेवढी भुकटी टाकली नसती. तरी त्यांची वसाहत भुकटीने गेली असे मला वाटत नाही. फॉस्फेट चार दिवसांत ओढल्याने ती गेली. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले होते की, नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट उपाशी अशा पाण्यात प्रवाळ उष्णतेने व उजेडाने अधिक लवकर विरंजित होतात.

मीठपाणी (सिडनी) :
ते कारण मी स्वतःच वर लिहिले आहे. तरीही ती भुकटी टाकली नसती, तर ओढण्याची वेळ आली नसती. अ‍ॅक्रोपोराच्या टाकीत मी आजही काही घालणार नाही. नव्या लोकांसाठी ‘सूर्यप्रवाळ आणि तत्सम सोडून’ अशी दुरुस्ती मूळ लेखात आज करतो.

उधाण (ठाणे) :
काल रात्री पंप बंद करून बसले. वाटलेले खाद्य बाजूला ठेवून अख्ख्या करंदीचा तिळाएवढा तुकडा कापला, धुतला आणि चिमट्याने मोठ्या मशरूमवर ठेवला. दोन मिनिटे काही हालचाल नव्हती, मग बटव्याची दोरी ओढावी तसे ते कडेने आवळत गेले आणि तुकडा दिसेनासा झाला. झोॲन्थिडांपैकी जाड देठाच्या पॅलिथोआंनी तुकडा लगेच धरला. बारीक झोॲन्थसनी मात्र एकूण एक तुकडा सोडून दिला. म्हणजे तीन वर्षे त्यांच्या नावाने मी जे घालत होते, ते त्यांनी तुकडा म्हणून तरी खाल्ले नसावे. वडी बंद करत नाही, पण मिक्सरऐवजी सुरीने बारीक चिरणार आहे, आणि झोॲन्थससाठी आर्टेमिया उबवायला एक बाटली उपडी टांगली आहे.