कीकॅड: टीममध्ये सगळ्यांकडे एकच लायब्ररी कशी ठेवायची?

ट्रॅक_०६: कीकॅड ८ (सर्किट बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरतो, तिघांची टीम, प्रोजेक्ट गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन). आमचे स्वतःचे सिम्बॉल (सर्किटच्या आकृतीतली पार्टची खूण) आणि फूटप्रिंट (बोर्डवरची पार्टची जागा) एकाच्या डी ड्राइव्हवर आहेत. दुसऱ्याने प्रोजेक्ट उघडला की डीआरसीत (बोर्डच्या नियम-तपासणीत) लायब्ररी सापडत नसल्याचे इशारे येतात, थ्रीडी व्ह्यूतून पार्ट गायब. शिवाय लायब्ररीत १११७ या व्होल्टेज रेग्युलेटरचा पॅड (पार्ट सोल्डर करायचा तांब्याचा तुकडा) बदलला तरी बोर्डवर जुनाच दिसतो. कारण एकच आहे का?

सिल्कस्क्रीन: नाही, दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं पाथचं. प्रोजेक्टच्या आतच लिब फोल्डर करा. सिम्बॉलची फाइल, फूटप्रिंटचं डॉट-प्रेटी फोल्डर, स्टेप (थ्रीडी) मॉडेल्स सगळं त्यात टाका. मग प्रेफरन्सेसमधून मॅनेज सिम्बॉल लायब्ररीज उघडा आणि ग्लोबल सोडून प्रोजेक्ट स्पेसिफिक टॅबवर लायब्ररी जोडा. फूटप्रिंटचंही तसंच. पाथ केआयपीआरजेएमओडी या व्हेरिएबलने (म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर) सुरू करायचा, आधी डॉलरचं चिन्ह आणि मग नाव महिरपी कंसात. म्हणजे फोल्डर कुठल्याही मशीनवर असलं तरी चालतं. याने प्रोजेक्टमध्ये सिम-लिब-टेबल आणि एफपी-लिब-टेबल अशा दोन फाइल्स तयार होतात. त्या गिटमध्ये कमिट (नोंद) करायच्या राहतात आणि मग 'माझ्याकडे तर चालतंय' सुरू होतं.

लायब्ररीचं टेबलमधलं नाव, म्हणजे निकनेम, मात्र एकदा ठरवलं की बदलू नका. सिम्बॉलमध्ये फूटप्रिंटची नोंद निकनेम, कोलन, नाव अशीच असते. निकनेम बदललं की सगळे दुवे तुटतात.

थ्रीडी मॉडेलचा पाथ प्रत्येक फूटप्रिंटच्या आत वेगळा असतो. टेबल सुधारून तो सुधारत नाही, फूटप्रिंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊनच बदलावा लागतो.

दुसरं: फूटप्रिंटची प्रत बोर्ड फाइलमध्येच साठवलेली असते (सिम्बॉलची स्कीमॅटिकमध्ये म्हणजे सर्किटच्या आकृतीत, आवृत्ती ६ पासून). म्हणून टूल्समधून अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी चालवल्याशिवाय बदल उतरत नाही. हे बरंच आहे, नाहीतर फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) गेलेला जुना बोर्ड मागच्या मागे बदलला असता.

व्हाया_इन_पॅड: तो अपडेट सरसकट सगळ्यांवर मारू नका, फक्त बदललेला फूटप्रिंट निवडा. अपडेटच्या खिडकीत मजकुराच्या पर्यायांवरच्या खुणा काढून ठेवा, नाहीतर सिल्कवर (बोर्डवरच्या छपाईवर) हाताने बसवलेलं लेबलिंग विस्कटेल. थ्रीडी मॉडेलच्या पर्यायावर खूण मात्र हवी. नाहीतर सुधारलेला पाथ बोर्डपर्यंत पोचणारच नाही.

कॉपरपोर: १११७ म्हणताय म्हणून: सॉट-२२३ या पॅकेजमध्ये (पार्टच्या बाह्य आकारात) पिन १ ग्राउंड किंवा अ‍ॅडजस्ट, २ आउटपुट, ३ इनपुट, आणि टॅब (उष्णता बाहेर नेणारी रुंद पट्टी) आउटपुटलाच जोडलेला. ७८०५ (टॅब ग्राउंडला असलेला जुना रेग्युलेटर) च्या सवयीने टॅबखाली ग्राउंडचं कॉपर ओतलं की आउटपुट थेट शॉर्ट. कीकॅडच्या साध्या सॉट-२२३ फूटप्रिंटमध्ये टॅबचा नंबर ४ आहे. तीन पिनच्या सिम्बॉलला तो लावला तर टॅबला नेटच (विद्युत जोडणीच) मिळत नाही, कॉपर जोडलं जात नाही आणि रेग्युलेटर तापतो. नावात 'टॅबपिन२' असलेला फूटप्रिंट घ्या.

ट्रॅक_०६: आमचा टॅब ४ नंबरचाच निघाला. हीच लायब्ररी अनेक प्रोजेक्टना वापरायची असेल तर?

सिल्कस्क्रीन: लायब्ररीची वेगळी रेपो (गिटचं भांडार) करून गिट सबमॉड्यूल (एका रेपोत जोडलेली दुसरी रेपो) म्हणून लिब फोल्डरमध्ये जोडा. प्रत्येक प्रोजेक्ट लायब्ररीच्या ठराविक कमिटवर थांबतो. पुढे न्यायचा की नाही ते बोर्डागणिक ठरवा.