उद्रेकात क्ष-किरण कमी कसे होतात?
एकाने विचारलंय की श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) आणि त्याला वायू पुरवणारा सोबती तारा अशा जोडताऱ्यात उद्रेक झाला (याला बटू नोव्हा म्हणतात) म्हणजे क्ष-किरणही वाढायलाच हवेत ना? मलाही आधी तसंच वाटायचं. पण हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा असाच जोडतारा बघा. १८९६ मध्ये सापडलेला हा तारा एरवी १२व्या प्रतीचा असतो, उद्रेकात ८व्या प्रतीपर्यंत उजळतो (प्रतीचा आकडा जितका कमी, तितका तारा तेजस्वी).

ऑक्टोबर १९९६ च्या उद्रेकात आरएक्सटीई या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाची नजर त्याच्यावर होती. दृश्य प्रकाश वाढायला लागल्यावर साधारण दिवसभराने क्ष-किरण वाढले, आणि मग काही तासांतच धाडकन कोसळले! त्याच वेळी अतिनील किरण मात्र उसळले.

सोबत्याकडून आलेला वायू श्वेत बटूभोवती तबकडीसारखा फिरत असतो. गोम आहे ती ही तबकडी आणि श्वेत बटू यांच्यामधल्या पातळ थरात. तबकडीतला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत येतो आणि ताऱ्याला टेकताना त्याला करकचून ब्रेक लागतो. वायू थोडा असेल तर तो विरळ राहतो, त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, तापमान कोटी अंशांच्या घरात जातं आणि क्ष-किरण निघतात. उद्रेकात वायूचा लोंढा आला की थर दाट होतो आणि लाखभर अंशांवर निवतो. ('निवतो' म्हणायला जीभ अडखळते, पण तुलनेने तसंच.) म्हणजे ऊर्जा वाढलेलीच असते, फक्त ती अतिनील पट्ट्यात निघते.

अर्थात यू जेमिनोरम हा अशाच प्रकारचा दुसरा जोडतारा अपवाद. त्याचे क्ष-किरण उद्रेकात वाढतात.

आणि हे सगळं बटू नोव्हांबद्दल हं. खऱ्या नोव्हात पृष्ठभागावरचा हायड्रोजनच पेटतो, तिथली गोष्ट निराळी.