सेमिनरीची ढाल: चार खण की एकच चिन्ह?

ढालकरी: कॅथलिक सेमिनऱ्यांच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांच्या) बोधचिन्हांत हमखास दिसणारी मांडणी: ढालीचे चार खण. एकात पेलिकन, दुसऱ्यात अल्फा-ओमेगाचं (ग्रीक वर्णमालेतल्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांचं) उघडं पुस्तक, तिसऱ्यात संत पीटरच्या किल्ल्या, चौथ्यात मरियेचा तारा. वर गोंड्यांची टोपी, खाली लॅटिन ब्रीदवाक्य. ही ढाल नव्हे, अनुक्रमणिका झाली! एकटा पेलिकन पुरे. चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पक्षी म्हणजे ख्रिस्तप्रसाद (भाकरी-द्राक्षारसाच्या रूपातलं येशूचं शरीर-रक्त). संत थॉमस अक्विनस यांच्या नावे असलेल्या स्तोत्रात येशूला पेलिकनच म्हटलंय. धर्मगुरू घडवणाऱ्या घराने आणखी काय सांगायचं?

अल्फाओमेगा: साफ अमान्य. पेलिकन कुठल्याही वेदीवर सापडतो, त्यात सेमिनरी कुठे दिसली? पोप दुसरा जॉन पॉल यांच्या १९९२च्या 'पास्तोरेस दाबो वोबिस' या दस्तऐवजात धर्मगुरूंच्या घडणीची चार अंगं आहेत: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक, प्रेषितकार्याची. चार अंगं, चार खण. यात जास्तीचं काय?

ढालकरी: तोच दस्तऐवज नीट वाचा. त्यात मानवी घडण हा पाया आहे आणि प्रेषितकार्य हे बाकी सगळ्याचं उद्दिष्ट. सारख्या मापाचे खण हे नातंच पुसून टाकतात. शिवाय ढालींच्या चिन्हशास्त्रात चार खण बहुधा वेगवेगळ्या घराण्यांच्या किंवा प्रदेशांच्या ढाली एकत्र आल्याची खूण असते. जाणकाराला वाटेल, चार संस्थांचं विलीनीकरण झालंय.

गोंडा: खणांवरून भांडताय, पण ढोबळ चूक वरच्या टोपीत आहे. गोंडे व्यक्तीचा दर्जा सांगतात. साध्या धर्मगुरूची टोपी काळी, दोन्ही बाजूंना एकेक गोंडा. बिशपची हिरवी, सहा-सहा. आर्चबिशपची हिरवी, दहा-दहा. कार्डिनलची लाल, पंधरा-पंधरा. संस्थेला कुठली दीक्षा? टोपी काढाच.

दुसरं, रंग. सोनेरी आणि पांढरा (म्हणजे रुपेरी) हे 'धातू', लाल, निळा, हिरवा वगैरे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. पांढऱ्यावर सोनेरी तारा चार पावलांवरून दिसत नाही. खण निळा करा. तो मरियेचाच रंग. किल्ल्या एक सोनेरी, एक रुपेरी, म्हणून खाली लाल चालेल. एकरंगी शिक्क्यात सोनेरीला ठिपके, निळ्याला आडव्या रेघा, लालला उभ्या, रुपेरी कोरा. पण शिक्का लहान असेल तर शाई रेघांमध्ये भरते आणि नुसता डाग उमटतो. तिथे फक्त बाह्यरेषा ठेवा.

आणि चित्रकाराला बजावा: चोचीखाली पिशवी असलेला खरा पेलिकन नको. ढालीतला पेलिकन मान वाकवलेला, बाकदार चोचीचा असतो, जवळजवळ गरुडासारखा. ढालीची 'उजवी' म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. इथे निम्मे चित्रकार घसरतात.

अल्फाओमेगा: टोपीचं मान्य. पण नियमांचा एवढा बाऊ कशाला? धर्मयुद्धांच्या काळातल्या जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीत रुपेरीवर सोनेरी क्रूस आहेच. ढालीत अक्षरं नकोत म्हणणाऱ्यांसमोर दुसरा जॉन पॉल यांनी क्रुसाखाली मरियेचा 'एम' ठेवलाच ना?

गोंडा: जेरुसलेमचा अपवाद गाजला, कारण तो अपवाद आहे. आणि तो 'एम' ठसठशीत, एकटा आहे. तुमचं अल्फा-ओमेगा चौथाई ढालीतल्या पुस्तकाच्या पानावर. लेटरहेडवर दोन मुंग्या दिसतील.

ढालकरी: मग सेमिनरीच दाखवायची तर मूळ शब्दाकडे जा. सेमिनारियम म्हणजे रोपवाटिका. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये सेमिनऱ्यांचा आदेश काढला तो याच नावाने. हिरव्या ढालीवर एक सोनेरी अंकुर. रंगावर धातू, नियमात बसतं.

अल्फाओमेगा: आणि बघणारा विचारणार, कृषी विद्यालय कधी काढलंत?

ढालकरी: अंकुर क्रुसाच्या पायथ्यातून काढा, नाही विचारणार.