पहिलीच्या मुलांना वस्तूचं वर्णन करायला कसं शिकवता?

पहिलीची_बाई:
नमस्कार, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र आहे, जिल्हा परिषदेची शाळा. मुलं एरवी अखंड बडबडतात पण हातात पेरू देऊन सांग रे कसा आहे म्हटलं की "छान आहे", "गोल आहे", संपलं. फळ्यावर रंग, आकार, चव असं लिहून दिलं तर सगळी एका सुरात तीच वाक्यं म्हणतात. हाताने करायचं काही सुचवा ना, खर्च मात्र नको.

गुरुजी_सातारा:
बाई, पेरू सगळ्यांनाच दिसतोय, मग त्या पोरानं तो कोणाला आणि कशाला सांगायचा? समोरच्याला दिसत नसेल तरच सांगावंसं वाटतं. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, दोघांपुढे तीच चार पानं, आंबा, पेरू, वड, फणस. एकाने मनात एक धरायचं, नाव न घेता सांगायचं, दुसऱ्याने ते उचलायचं. "हिरवं आहे" म्हटलं की दुसरा लगेच ओरडतो, अरे सगळीच हिरवी आहेत! मग पहिला पान उलटं करून बघतो, बोट फिरवतो, "मागून शिरा वर आल्यात, हाताला लागतात" असं सांगतो. वड आणि फणस ओळखताना तर खरा कस लागतो. फक्त रुई, कण्हेर आणू नका, चीक डोळ्यात गेला तर पंचाईत.

अंगणवाडी_ताई:
आमच्याकडे पिशवीचा खेळ चालतो. जुन्या कापडी पिशवीत दोडका, करवंटी, काथ्या, कापूस, साबणाचा तुकडा टाकायचा, न बघता हात घालून सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मॉन्टेसरी पद्धतीतही अशी पिशवी असतेच. मूल "टोचतंय" म्हणालं तर घाईने शब्द पुरवू नका, कुठे टोचतंय, सगळीकडे की धारेवरच, एवढं विचारा. अगदीच अडलं तर दोन शब्द पुढे करा, खरखरीत की खडबडीत, बुळबुळीत की गुळगुळीत, आणि निवडू द्या त्याला.

डहाणूकर:
बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आमच्या डहाणूकडच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, पुढे जवळच्याच कोसबाडला काम नेलं, तिथे बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हेच शिकवायचं साहित्य होतं, त्यामुळे साहित्य नाही याची काळजी सोडा. आणि एक, मुलं घरी वारली, अहिराणी जे काही बोलत असतील त्या भाषेतला शब्द आला तर तो आधी घ्या, पुस्तकातला मागून सांगता येतो. तिथल्या तिथे सुधारलं की मूल गप्प होतं, मी हे फार वेळा पाहिलंय.

पहिलीची_बाई:
खूप आभार सगळ्यांचे, सोमवारी पानांपासूनच सुरू करते. पण दोन-तीन मुली तोंडच उघडत नाहीत, त्यांना कसं घ्यायचं?

अंगणवाडी_ताई:
त्यांना आधी ओळखणाऱ्याच्या जागी बसवा बाई. "मोठं आहे का?", "मऊ आहे का?" असं एकेक विचारायचं, समोरच्याने हो-नाही सांगायचं. चार-पाच दिवस तेवढंच चालू दे, पिशवी त्या स्वतःहून मागतील.