हद्दवाढ आणि कार्यालयाचे नवे संगणक: नगर परिषदेनं आधी काय हाती घ्यावं?

प्रश्न: कान्ह_काठ

इंदूर जिल्ह्यातल्या एका लहान नगर परिषदेच्या बैठकीत दोन विषय एकदम येत आहेत. पहिला, लगतच्या ग्रामपंचायतीचं क्षेत्र हद्दीत घ्यायचा ठराव. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या झाल्यात, त्यांचं सांडपाणी परिषदेच्या नाल्यात येतं, पण कर येत नाही. दुसरा, कार्यालयासाठी दहा संगणक (सध्याचे विंडोज १० वर चालतात), सर्व्हर आणि यूपीएस. पैसा दोन्हीला पुरणार नाही. बहुतेक पार्षदांचं (नगरसेवकांचं) म्हणणं आहे की आधी गाव घ्या, उत्पन्न वाढलं की संगणक बघू. हा क्रम बरोबर आहे का? ठरावाला काय जोडावं लागतं?

उत्तर: चांदा_मीनार

क्रम उलटा करा. जनगणना २०२७ साठी देशभर प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ पासून गोठवलेल्या आहेत आणि मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणी आटोपेपर्यंत गावाची किंवा नगर परिषदेची हद्द हलत नाही. ठराव आज झाला तरी त्यातून या आर्थिक वर्षात एक रुपयाही येणार नाही. तेव्हा अंदाजपत्रकात ते उत्पन्न धरू नका.

हद्द बदलायचा अधिकार परिषदेला नाही, ती फक्त मागणी करते. प्रस्ताव कलेक्टरमार्फत भोपाळला जातो. मध्यप्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ खाली राज्य सरकार राजपत्रात सूचना काढतं, हरकती मागवतं, मग अंतिम अधिसूचना निघते. दोन ओळींचा ठराव पाठवला तर फाईल त्रुटी लागून परत येते. सोबत हवं ते असं: खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांकांची यादी (रकबा म्हणजे क्षेत्रफळ हेक्टरमध्ये; खाजगी, शासकीय, आबादी म्हणजे गावठाण वेगवेगळं), चतुःसीमा, नकाशा, २०११ ची लोकसंख्या, घनता, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. शेवटचे मुद्दे उगाच नाहीत, राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ क्यूमध्ये क्षेत्र शहरी ठरवताना हेच बघायला सांगितलंय. ग्रामपंचायतीचा अभिप्रायही घ्या, नाहीतर पहिली हरकत तिथूनच येईल.

देण्यांची यादी बहुतेक प्रस्तावांत नसते, ती मुद्दाम मागा. नलकूपांच्या (बोअरवेलच्या) वीजजोडण्या, पथदिवे, नळयोजना, त्यांची थकलेली बिलं हे सगळं गावासोबत तुमच्याकडे येणार. आणि ग्रामीण रोजगाराची कामं व ग्रामीण आवास योजना तिथे थांबतात. ग्रामस्थांना हे आधी सांगणं तुमचंच काम आहे.

उत्तर: बटांकन

वरच्या उत्तरात एक भर. इंदूर नगर निगमात निपानिया, कनाडिया, बिचौली मर्दाना यांसारखी २९ गावं आली, तेव्हा ६९ वॉर्डांचे ८५ झाले. सीमा कागदावर एका दिवसात बदलते, पण मालमत्तांची नोंद नसेल तर कराचं मागणीपत्र कोणाच्या नावे काढणार? म्हणून संगणकांपेक्षाही आधी माहिती उभी करा. अधिसूचना नसताना सर्वेक्षणाला कायद्याची आडकाठी नाही, पंचायतीची लेखी संमती तेवढी घ्या.

कर खसऱ्यावरून लावता येत नाही. एका खसऱ्यावर चाळीस प्लॉट पडलेले असतात आणि बटांकन (खसऱ्याची पोटहिस्स्यांत फोड) नकाशावर उतरलेलंच नसतं. प्रत्येक इमारतीला वेगळा मालमत्ता क्रमांक द्या. खसरा हा त्यातला फक्त एक रकाना. बाकीचे रकाने: मजलानिहाय बांधकाम क्षेत्र, छत (आरसीसी की पत्रा), वापर, मालक राहतो की भाडेकरू, नळ आहे का, समग्र परिवार आयडी (राज्याच्या समग्र पोर्टलवरचा कुटुंबाचा ८ अंकी क्रमांक). आपल्याकडे मालमत्ता कर वार्षिक भाडेमूल्यावर असतो, त्यामुळे यातलं एक जरी राहिलं तरी त्या घरी पुन्हा माणूस पाठवावा लागतो.

आबादीचा भाग स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीत झाला असेल, तर भू-अभिलेख कार्यालयाकडून १:५०० चे नकाशे शेपफाइलमध्ये (संगणकावर मोजता येणारा नकाशा) मागा. पीडीएफ घेऊ नका, त्यातून क्षेत्रफळ निघत नाही. पटवारी (तलाठी) नकाशा उपग्रह चित्रावर बसवताना निर्देशांक प्रणाली यूटीएम ४३ उत्तर (इंदूर ज्या पट्ट्यात येतं तो) ठेवा. दोन्हीवर ओळखू येणारे किमान चार बिंदू लागतात, पण चारही एकाच कोपऱ्यात घेतले की दुसरी बाजू सरकते, म्हणून गावाच्या चारी दिशांचे चांदे (मोजणीच्या खुणेचे दगड) वापरा.

सगळ्यात जास्त घोळ फॉन्टचा होतो. पंचायतींच्या बऱ्याच एक्सेल फायली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात. युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मजकुराचा पार चुराडा होतो. अख्खी फाईल एकदम बदलू नका, कृतिदेवचे रकाने तेवढे निवडा. मूळ रकाना तसाच ठेवा, बदललेला शेजारी, आणि नावं पंचायत सचिवाला समोर बसवून तपासा. ‘पिता’च्या जागी ‘पति’ पडलं तर पुढे नामांतरण (मालमत्तेवर नाव चढवणं) अडतं.

कागदी रजिस्टरं ताब्यात घेताना आधी पानांवर क्रमांक घाला, एकूण पानांची पावती दोघांच्या सहीनं करा, मग ३०० डीपीआयवर स्कॅन. बांधीव रजिस्टर शीट फीडरमध्ये जात नाही, वरून फोटो घेणारा स्कॅनर लागतो. जन्म-मृत्यूची रजिस्टरं पहिल्यांदा करा. सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याचं वजन फार वाढलंय, एक पान गहाळ झालं तर मुलाच्या शाळाप्रवेशालाच अडचण.

उत्तर: तीन_केव्हीए

संगणकांचं सांगतो. विंडोज १० चा आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण दहाही मशीन फेकू नका. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल आणि बोर्डावर टीपीएम २.० (सुरक्षा चिप) असेल, तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून विंडोज ११ चालतं. टीपीएम बरेचदा असतं, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं. ते आधी तपासा, मग खरेदीला जेम या सरकारी पोर्टलवर जा.

सर्व्हर यादीतून काढा. ई-नगरपालिकेचं (कर, दाखले अशा ऑनलाइन सेवांचं) काम राज्याच्या पोर्टलवरच होतं. त्याऐवजी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा साठा) घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि राज्यातल्या ४१३ निकायांची (नगर संस्थांची) ऑनलाइन कामं अडकली. म्हणून मागणी रजिस्टर आणि वसुलीचा गोषवारा दर शुक्रवारी उतरवून ठेवा. एक प्रत नॅसवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही बंद करतं.

यूपीएस: संगणक आणि मॉनिटर मिळून साधारण १५० वॅट, दहाचे १५००. २ केव्हीए काठावर येतो, ३ केव्हीएचा ‘ऑनलाइन’ प्रकारचा घ्या. १२ व्होल्ट २६ एएचच्या आठ बॅटऱ्यांवर पाऊण-एक तास चालेल. लेझर प्रिंटर त्यावर अजिबात लावू नका, फ्यूझर (शाई पक्की करणारा हीटर) तापताना इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो. अर्थिंग आधी मोजून घ्या, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज ३ व्होल्टच्या आत हवं.

कान्ह_काठ

सगळ्यांचे आभार, क्रम बदलायचं टिपण सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेबांना देतोय. एकच शंका: रस्त्यालगतची पट्टी तेवढीच हद्दीत घेता येईल का? कर देणारं क्षेत्र तेच आहे.

चांदा_मीनार

मागता येईल, पण मागू नका. अर्धं गाव घेतलं की पटवारी हलका (तलाठी सजा), मतदान केंद्रं आणि राशन दुकान दोन्हीकडे विभागलं जातं. उरलेल्या पंचायतीचं उत्पन्न जातं आणि शेतमजुरांची वस्ती तिच्याकडे राहते. हरकत येईल ती याच मुद्द्यावर, आणि ती रास्त असेल. अख्खं महसुली गाव घ्या. ते शक्यच नसेल तर सीमा निदान नाला किंवा शासकीय रस्त्यावरून न्या आणि एकही खसरा मधून तोडू नका.