प्रत्युत्तर: इंडी व आल्टरनेटिव्ह रॉक ऐकण्यास कोठून सुरुवात करावी?

प्रेषक: एडिसन येथील सभासद

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

माझे वय एकसष्ट आहे आणि माझा कान घडला तो सांगलीत, आकाशवाणीवरच्या सकाळच्या रागदारीवर आणि घरातल्या नाट्यपदांवर. पाश्चात्त्य संगीतात मी बीटल्सपर्यंत पोचलो, पिंक फ्लॉइडपाशी काही वर्षे मुक्काम केला आणि तेथेच थांबलो. आता माझी धाकटी लेक तिच्या महाविद्यालयाच्या रेडिओ केंद्रावर आठवड्यातून दोन तास कार्यक्रम करते. ती जे वाजवते त्याला कधी ‘इंडी’ म्हणते, कधी ‘आल्टरनेटिव्ह’. मी तो कार्यक्रम नेमाने ऐकतो. मात्र दोन गाण्यांच्या मध्ये ती जे बोलते तेवढेच मला समजते.

महाजालावर शंभर-शंभर अल्बमांच्या याद्या मिळतात. मला यादी नको आहे. चार-पाच अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत आणि का, एवढेच कोणी जाणकाराने सांगावे. माझ्या अडचणी दोन आहेत. गायकाचे शब्द कानात शिरत नाहीत, आणि गिटारींचा कल्लोळ सुरू झाला की स्वर कोठे आहे हेच सापडत नाही.

आपला नम्र.

प्रेषक: जर्सी सिटी येथील सभासद

काका, सप्रेम नमस्कार.

आधी त्या दोन शब्दांविषयी थोडेसे, कारण तुमची लेक ते आलटूनपालटून वापरते ते चुकून नव्हे. ‘इंडी’ हा मुळात व्यवहारातला शब्द आहे. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या किंवा एखाद्या लहानशा कंपनीच्या नावाने काढलेली तबकडी ती इंडी. मँचेस्टरच्या बझकॉक्स या गटाने जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि हे आपणही करू शकतो असे इतर अनेकांना वाटू लागले. अमेरिकेत अशा तबकड्या श्रोत्यांपर्यंत नेण्याचे काम महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांनी केले, म्हणजे घरातच तुम्हाला त्या परंपरेची वारसदार लाभली आहे. ‘आल्टरनेटिव्ह’ची गोष्ट जरा विचित्र आहे. सिअॅटलच्या सब पॉप या छोट्या कंपनीने निर्वाना या गटाचा पहिला अल्बम १९८९ मध्ये काढला, तेव्हा ध्वनिमुद्रणाचा खर्च सहाशे सहा डॉलर आणि काही सेंट झाला होता. त्यांचा पुढचा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१ मध्ये मोठ्या कंपनीकडून आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनला बिलबोर्ड या अमेरिकी खपाच्या यादीच्या अग्रस्थानावरून खाली उतरवले. ज्याला पर्यायी म्हणत होते तेच हमरस्त्यावर आले, पण दुकानावरची पाटी कोणी बदलली नाही.

सुरुवात मात्र ‘नेव्हरमाइंड’ने करू नये. ज्याला स्वर सापडत नाही अशी तुमची तक्रार आहे, तोच कल्लोळ तेथे पहिल्या मिनिटात अंगावर येतो. तुम्ही हडसन नदीच्या अलीकडे, आपल्या न्यू जर्सीतच थांबावे असे मी सुचवते, कारण या बाबतीत आपली स्थिती काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आहे. होबोकेनमध्ये १९८४ साली यो ला टेंगो नावाचा गट सुरू झाला. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली हे पती-पत्नी त्यात आहेत. तो गिटार वाजवतो, ती ड्रम वाजवते, आणि पुढे जेम्स मॅकन्यू हा बेसवादक त्यांना येऊन मिळाला. त्यांचा १९९७ चा ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’ हा अल्बम पहिला घ्यावा. त्यात सोळा गाणी आहेत आणि या संगीतात जे जे प्रकार भेटतात त्यांतील बहुतेकांची ओळख तेथे एकाच बैठकीत होते. ‘ऑटम स्वेटर’मध्ये ऑर्गन आणि तालवाद्ये यांवर गाणे तोलले आहे, ‘डीपर इंटू मूव्हीज’मध्ये तुम्हाला नको असलेला कल्लोळ आहे, ‘ग्रीन ॲरो’मध्ये शब्दच नाहीत, रातकिडे आहेत. ‘स्पेक बीबॉप’ हा दहा मिनिटांहून मोठा ऑर्गनचा हट्ट तुम्हाला आवडेल असे मला वाटत नाही. मलाही तो आवडायला सहा वर्षे लागली. होबोकेनच्या मॅक्सवेल्स या खाणावळीच्या मागच्या खोलीत हा गट २००१ पासून हनुका या ज्यू सणाच्या आठ रात्री वाजवीत असे. मी त्यांतील दोन रात्री गेले होते, आणि खोली एवढी लहान होती की आपल्या गणपतीच्या मंडपात तिच्यापेक्षा जास्त माणसे मावतात. ती जागा २०१३ मध्ये बंद झाली.

त्यानंतर मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या लो या गटाचा १९९४ चा ‘आय कुड लिव्ह इन होप’ ऐकावा. तुम्ही विलंबित ख्यालावर वाढलेले आहात, तेव्हा ज्या संथपणामुळे इतर श्रोते चुळबुळतात तो तुम्हाला घरचाच वाटेल. मिमी पार्कर उभ्याने, अगदी मोजक्या ड्रमवर आणि झांजेवर ब्रशने ठेका धरत असे, आणि तिचा व ॲलन स्पारहॉकचा आवाज एकत्र येतो तेव्हा दोन स्वरांमधली जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य काय असते ते कळते. (हेही पती-पत्नीच होते. मी मुद्दाम निवडलेले नाहीत.)

शब्दांच्या अडचणीसाठी जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या आर.ई.एम. या गटाचा १९८३ चा ‘मर्मर’ घ्यावा. त्यात मायकल स्टाइप असा काही पुटपुटतो की जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ओळी लागत नाहीत, आणि अल्बमच्या नावातच त्याने तसे कबूल केले आहे. ख्यालात बंदिशीचे चार शब्द आलापात विरघळतात तेव्हा आपण गवयाला शुद्धलेखन विचारत नाही. तेवढीच सूट येथेही द्यावी.

आता चौथा, आणि हा मी खास सांगलीकरासाठी राखून ठेवला आहे. न्यू यॉर्कच्या द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या गटाचा, गायिका निको हिच्यासह केलेला १९६७ चा पहिला अल्बम, ज्याच्या वेष्टनावर चित्रकार अँडी वॉरहॉलचे केळे आहे. त्यातला व्हायोला जॉन केल वाजवतो. केल त्याआधी ला मॉन्ट यंग या रचनाकाराबरोबर एकेक स्वर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग करीत असे. हे यंग पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणे होते ते तुम्ही लहानपणी ऐकले असेल. तेच हे घराणे. यंग यांचे शिष्यत्व अल्बमनंतरचे आहे, त्यामुळे किराण्याचा प्रभाव या तबकडीवर पडला असे मी म्हणणार नाही. पण ‘व्हीनस इन फर्स’ लावून पाहावे: गटाचा गायक-गिटारवादक लू रीड याने गिटारीच्या सर्व तारा एकाच स्वरात लावल्या आहेत आणि तिच्याशेजारी व्हायोला घासत राहतो. तो धरलेला स्वर तानपुरा समजून ऐकला, तर कल्लोळात हरवलेला षड्ज तुमच्या हाती लागेल. मला तरी तो असाच लागला.

शेवटी, आणि घाई न करता, माय ब्लडी व्हॅलेंटाइन या गटाचा १९९१ चा ‘लव्हलेस’. त्यांचा केव्हिन शील्ड्स गिटारीवरचा, तारांचा ताण सैल-घट्ट करणारा छोटा दांडा (ट्रेमोलो आर्म) हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सगळा स्वरमेळ सतत किंचित झुकत आणि सावरत राहतो. याला मींड म्हणण्याचा मोह आवरावा, कारण मींड एका स्वराकडून दुसऱ्याकडे निघालेली असते आणि येथे कोणी कोठेही निघालेले नाही. हा अल्बम फोनवर ऐकू नये. मोठे स्पीकर लावावेत आणि काकूंना आधी कल्पना द्यावी.

आपली.

प्रेषक: प्लेन्सबरो येथील सभासद

नमस्कार.

ताईंच्या पत्राचा आदर राखून एक मतभेद नोंदवतो. यो ला टेंगोच्या त्या अल्बमवर शितावरून भाताची परीक्षा करता येत नाही, कारण त्यात प्रत्येक शीत वेगळ्या भाताचे आहे. काकांना एकाच मुद्द्याचा आणि थोडक्यात आटपणारा अल्बम हवा, आणि तो म्हणजे बॉस्टनच्या पिक्सीज या गटाचा १९८९ चा ‘डूलिटल’. चाळीस मिनिटांच्या आत पंधरा गाणी होतात. कडवे हळू आणि ध्रुपद अंगावर धावून येणारे, ही त्यांची युक्ती एकदा कळली की पुढच्या दहा वर्षांतील निम्मे संगीत उलगडते. आपण त्यांचीच नक्कल करू पाहत होतो असे निर्वानाच्या कर्ट कोबेनने स्वतः सांगितले आहे.

दुसरे म्हणजे, सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंवर थेट गाणे करणारा कॉर्नरशॉप हा इंग्लंडचा गट यादीत नसावा, याचे आश्चर्य वाटते. त्यांचा १९९७ चा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ काकांसाठी सोपा दरवाजा ठरला असता.

प्रेषक: जर्सी सिटी येथील सभासद

‘डूलिटल’बद्दलचा मुद्दा मान्य आहे, तो ‘मर्मर’नंतर जोडावा. कॉर्नरशॉप मी जाणूनबुजून वगळला. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे मला प्रिय आहे, पण प्रत्येक मराठी माणसाच्या हाती सर्वांत आधी तेच ठेवले जाते आणि तो आशाबाईंचे नाव ऐकून प्रसन्न होऊन परत फिरतो. शिवाय बहुतेकांनी ऐकलेले असते ते नॉर्मन कुक या डीजेने वेग वाढवून केलेले रूप, जे फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. काकांनी ऐकायचेच ठरवले तर अल्बममधले मूळ, सैलसर चालीचे ऐकावे.

प्रेषक: एडिसन येथील सभासद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांत काय घडले त्याचे निवेदन करतो.

यो ला टेंगो पहिल्यांदा लावला तेव्हा ताईंनी बजावूनही ‘स्पेक बीबॉप’ पूर्ण ऐकला. आवडला नाही. ‘ऑटम स्वेटर’ मात्र आता मी आंघोळीच्या वेळी गुणगुणतो, असे घरून कळते. ‘डूलिटल’ एका दमात ऐकला आणि दमलो. ‘व्हीनस इन फर्स’मध्ये धरलेला स्वर सापडला, तो पट्टीने माझ्या तानपुऱ्याशी जुळतो का ते पाहण्यासाठी खोळ काढली, तर एक तार तुटलेली निघाली. ‘मर्मर’चे शब्द मला कळले नाहीत आणि पहिल्यांदाच त्याची खंत वाटली नाही. ‘लव्हलेस’ला हात लावलेला नाही, येत्या शनिवारी प्रिन्स्टनच्या रेकॉर्ड एक्स्चेंजमध्ये जाऊन त्याची तबकडी मिळते का ते पाहणार आहे.

लो या गटासाठी मात्र ताईंचा ऋणी आहे. त्यातील ‘ललबाय’ मी रात्री दिवे मालवून चार वेळा ऐकले. गेल्या गुरुवारी लेकीच्या कार्यक्रमाला फोन केला आणि ‘आपली आवड’ला पाठवावी तशी फर्माईश नोंदवली, नाव न सांगता. तिने आवाज ओळखला, क्षणभर गप्प राहिली, आणि मग अगदी व्यावसायिक स्वरात म्हणाली की गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे आहे, तिच्याकडे सातच उरली आहेत, आणि एडिसनच्या श्रोत्यांनी पुढच्या गुरुवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच फोन करावा.