विषय: राज्य सिनेटची ती निवडणूक आणि १५३ डॉलर

नमस्कार मंडळी,

रविवारी न्यू जर्सीच्या असेंब्लीला (राज्य विधिमंडळाचं खालचं सभागृह) उभा असलेला एक रिपब्लिकन उमेदवार स्वतः आमच्या दारात आला. हातात पत्रक दिलं, प्रॉपर्टी टॅक्सचं बोलायला लागला. मी पाणी विचारणार, तोवर यांनी "नॉट इंटरेस्टेड" म्हणून दार लावलं. मला ते फार लागलं. शेजारीण सांगत होती, २०२१ मध्ये एक ट्रक ड्रायव्हर १५३ डॉलरमध्ये राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, निवडून आला. खरं का हे? काका, तुम्ही दक्षिण जर्सीतले, सांगा ना.

---

अगं, माणूस खरा, आकडा अर्धवट.

तो एडवर्ड डर. फर्निचर कंपनीचा ट्रक चालवायचा. आमच्या तिसऱ्या मतदारसंघात त्याने स्टीव्ह स्वीनींना पाडलं. स्वीनी २०१० पासून त्या सिनेटचे अध्यक्ष होते. २०१७ ला शिक्षक संघटनेने त्यांच्याविरुद्ध लाखो डॉलर ओतले, तरी ते आरामात निवडून आले होते.

१५३ डॉलर हा फक्त प्राथमिक फेरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा खर्च. त्यातले ६६ डंकिन या कॉफी-डोनटच्या दुकानातल्या खाण्यापिण्याचे, ८६ पत्रकं आणि कार्डांचे. पुढे खर्च वाढला, पण स्वीनींच्या मानाने किरकोळच. त्याआधी डर असेंब्लीला दोनदा पडला होता, हे कुणी सांगत नाही. बंदूक बाळगायचा परवाना नाकारला म्हणून तो चिडून राजकारणात आला. प्रचारात मात्र कर, कर्ज आणि महागाई. जाहिरातसुद्धा फोनवर काढलेली. जिंकला सुमारे २,२०० मतांनी. इस्लामबद्दल त्याने पूर्वी जे ट्विट केलं होतं, त्याची निकालानंतर त्याला माफी मागावी लागली. ते मला आजही खुपतं. २०२३ ला तो हरला.

आता माझं ऐक. तेव्हा टपालाची मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडाभर पडून होती. शेवटी गव्हर्नरचा गोल काळा केला आणि खालचं सगळं कोरं ठेवून पाकीट चिकटवलं. म्हटलं, स्वीनी येणारच, आपण कशाला डोकं लावा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोटात गोळा आला. शाळांना राज्याकडून किती पैसे मिळायचे ते राजधानी ट्रेंटनमध्ये ठरतं. ते कमी पडले की आपला टॅक्स चढतो. तेव्हा वर्षाला सरासरी नऊ हजार डॉलरच्या वर प्रॉपर्टी टॅक्स भरत होतो आपण आणि मी तिथेच कोरं सोडलं! गणपतीच्या वर्गणीला आपण दारोदार फिरतो, तेव्हा कुणी तोंडावर दार लावलं की कसं वाटतं, ठाऊक आहे ना? मत कुणालाही दे. पण त्याचं ऐकून घ्यायला हवं होतं.

---

काका, पत्रक रद्दीतून काढलं. मागे फोन नंबर आहे. आज संध्याकाळी फोन करून आमच्या शाळेच्या निधीचं विचारते, आणि त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्यांनाही तेच विचारीन. मतदानाच्या दिवशी हेही येतील माझ्याबरोबर, मी सांगितलंय.